केसपेपरवर माणसाला जागा द्या

आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या चाचपणीची सरकारी प्रश्नावली, भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी काही वेगळे प्रश्न आहेत. त्यातला एक असा, की जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का? म्हणजे डिमेन्शियाची, स्मृतिभ्रंशाच्या आजाराची, पहिली चाचपणी आपल्याकडे गावातल्या ओट्यावर, सरकारी कागदावर, आधीच सुरू झालेली आहे. गाडी अडते ती पुढे. ‘हो’वर खूण झाली की जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवा, एवढीच सूचना कागदावर असते. शुगर-बीपीचे पेशंट गोळ्यांसाठी दर महिन्याला उपकेंद्राची पायरी चढतात. विसरणाऱ्या माणसाला तिथे नेऊन काय मिळणार, हे घरच्यांनाही माहीत नसतं आणि बऱ्याचदा केंद्रातल्यांनाही.

त्यात हा प्रश्न विचारला जातो तो विसरणाऱ्यालाच. ज्याची आठवण ढासळते आहे त्याला ती ढासळल्याची जाणीव असेलच असं नाही, म्हणून तो ठामपणे ‘नाही’ म्हणतो. खरी माहिती सुनेकडे, मुलाकडे, शेजारच्या वावरवाल्याकडे असते. त्यांना विचारायचं ते एवढंच, की गेल्या वर्षा-दोन वर्षांत यांच्यात काय बदललं? पैशाचा हिशोब चुकतो का, रोजची भाजी करताना मधलं काही राहून जातं का, ओळखीच्या रस्त्यावर घोटाळा होतो का, तेच तेच विचारतात का, स्वभाव पालटला का? या पाच गोष्टी नीट विचारल्या तर पुढची निम्मी वाट सरते.

भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने दिला. हा आजार शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळला. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून लोकसंख्या ७९ लाखांच्या आसपास होती. दहातला एक साठीपुढचा धरला आणि राष्ट्रीय दर लावला, तरी खान्देशात पन्नास हजारांवर माणसं होतात. एवढ्यांना मेंदूविकारतज्ज्ञ पुरणार नाहीत, आज नाहीत आणि वीस वर्षांनीही नाहीत. म्हणून तज्ज्ञ येईपर्यंत काही करता येत नाही, हे म्हणणं सोडून द्यावं लागेल. या आजारात औषधांचा वाटा छोटा आहे. मोठा वाटा आहे तो माणूस कोण होता, कसा जगला, काय बोलतो, कशाला घाबरतो हे ओळखून केलेल्या सेवेचा. ती सेवा करणारे हात ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, सिव्हिलमध्ये आजच आहेत. ही ओळख म्हणजे सौजन्य नव्हे, वैद्यकीय काम आहे आणि तिची नोंद केसपेपरवर झाली पाहिजे, असं माझं मत आहे.

इंग्लंडात ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड यांनी ही गोष्ट १९८० आणि १९९० च्या दशकांत मांडली. माणसाची घसरण फक्त मेंदूतल्या पेशींमुळे होत नाही. भोवतालची माणसं त्याच्याशी कशी वागतात याचाही त्यात मोठा हात असतो, हे त्यांचं म्हणणं. डोक्यावरून आपसात बोलणं, घाई करणं, लहान पोरासारखं वागवणं, धाक दाखवणं, थापा मारून वेळ मारून नेणं, हाक मारली तरी न ऐकल्यासारखं करणं, या रोजच्या वागण्यावर त्यांनी बोट ठेवलं. यातलं कुठलंही वागणं दुष्टपणातून येतं असं नाही. दमलेली, चांगली माणसंच ते करतात.

एक प्रसंग जवळून पाहू. पंचाहत्तरीचे एक आबा पाय मोडल्यामुळे वॉर्डात आहेत. रात्री दोनला ते उठून बसतात, सलाइन ओढतात, खाली उतरायला बघतात. अडवलं की हात उगारतात. ड्यूटीवरच्या सिस्टर डॉक्टरांना फोन करतात, शांत करायला हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि गुंगी आणणाऱ्या प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं जातं, हात पट्टीने खाटेला बांधले जातात. केसपेपरवर लिहिलं जातं, पेशंट अस्वस्थ, सहकार्य नाही. सकाळी आबा डोळे उघडत नाहीत, घास गिळत नाहीत, दुसऱ्या दिवशी छातीत कफ वाजायला लागतो.

आता घरच्यांना कोणी विचारलं असतं तर कळलं असतं, की आबांनी चाळीस वर्षं केळी आणि कापूस केला. शेतीपंपाची थ्री फेज लाइट वर्षानुवर्षं आठवड्यातले काही दिवस रात्रीच येत आली. रात्री एक-दोनला उठून, बॅटरी घेऊन, मोटर सुरू करून पाणी भरायला जाणं हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. आज कोणता महिना हे त्यांना सांगता येत नाही, पण पाण्याची पाळी चुकली तर बाग वाळेल ही काळजी शाबूत आहे. त्यांना अडवणारा माणूस हा त्यांच्या लेखी वाट अडवणारा परका.

पण एवढी गोष्ट कळली म्हणून तपासणी टळत नाही. आधी हातांनी काम करायचं. ओटीपोटावर हात ठेवून लघवी तुंबली आहे का पाहायचं, कारण या वयात प्रोस्टेट बहुधा वाढलेलं असतं आणि वेदनेच्या काही गोळ्यांनी लघवी आणखी अडते. शौचाला कधी झालं होतं ते विचारायचं. ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन, ग्लुकोमीटरवर शुगर. मोडलेला पाय दुखतो आहे का, हे ‘दुखतंय का?’ एवढं विचारून कळत नाही. श्वासाची धाप, कण्हणं, कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, समजावल्यावर शांत होतात की नाही, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी वेदना मोजायची साधी पद्धत आहे आणि ती कोणत्याही नर्सला अर्ध्या तासात शिकता येते. हे सगळं पाहून झाल्यावर बोलायचं. समोरून जायचं, मागून खांदा धरायचा नाही. डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. घरी ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने हाक द्यायची. ‘वावरात कोण गेलं आज पाण्याला?’ असं विचारायचं. ‘शेत विकलं तुम्ही कधीच’ असली दुरुस्ती करायची नाही. घोटभर पाणी द्यायचं, लघवीचं भांडं द्यायचं, दिवा मंद पण चालू ठेवायचा. बहुतेक रात्री यात निभतात.

ज्या रात्री निभत नाही आणि माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी खरीच भीती असते, त्या रात्री औषध लागतं. पण वृद्धाला हॅलोपेरिडॉलची सुरुवात ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमने करायची असते, ५ ने नाही. प्रोमेथाझिन तर गोंधळ वाढवणाऱ्या औषधांपैकीच एक. लुई बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल, म्हणजे भास होत असतील, चाल आखडली असेल, दिवसागणिक चढउतार असेल, तर हॅलोपेरिडॉलने माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो, दगावूही शकतो. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत हॅलोपेरिडॉलच्या गटातल्या औषधांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं, हा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही छापायला लावला. आणि हात बांधण्याबद्दल बोलायचं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीच्या आणि स्थळकाळाच्या भानाच्या गंभीर बिघाडाचाही समावेश आहे, आणि त्याच कायद्याने बांधून ठेवण्यावर कडक अटी घातल्या आहेत. तातडीची इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या अधिकारात, गरजेपुरता वेळ. माणसं कमी आहेत म्हणून बांधलं, हे कारण त्यात बसत नाही.

निदानाच्या बाबतीतही माणूस न ओळखण्याची किंमत मोजावी लागते. स्मरणशक्तीच्या प्रचलित तीस गुणांच्या चाचणीत वाक्य लिहायला सांगतात, आकृती काढायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला यात कमी गुण मिळणारच. शिवाय प्रश्न प्रमाण मराठीत, तेही भराभर. घरात अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला तो प्रश्नच नीट कळलेला नसतो. उलट एखादे निवृत्त मास्तर आजार लपवून सगळी उत्तरं बरोबर देऊन जातात. निरक्षरांसाठी हिंदीत बेतलेली चाचणी १९९० च्या दशकातच भारतात तयार झाली. त्या धर्तीवर आपल्या बोलींत पडताळून घेतलेली चाचणी तिन्ही जिल्ह्यांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी करायला घ्यावी, ही मागणी मुळीच अवास्तव नाही. तोवर निदान एवढं तरी व्हावं. प्रश्न विचारण्याआधी कानातला मळ पाहावा, चष्मा घालायला लावावा. ‘तुमनं नाव काय शे?’, ‘कोठे दुखस?’ असं त्यांच्या बोलीत बोलणारी व्यक्ती सोबत घ्यावी, पण ती नातू नसावी, कारण नातू आजीच्या आधी उत्तर देतो. तारखेऐवजी गावचा आठवडे बाजार कोणत्या वारी, कानबाई बसून गेली का, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किती अवकाश आहे, हे विचारावं. याचे गुण मोजायचे नाहीत, पण माणूस काळात कुठे उभा आहे ते यातून समजतं. आजार वाढतो तशी मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते आणि आईची बोली टिकते. प्रमाण मराठीत गप्प बसलेली जिजी अहिराणीत बोलायला लागली, की ‘बोलत नाहीत’ हा शेरा खोडावा लागतो.

विसरणं म्हणजे डिमेन्शियाच, असंही नाही. थायरॉइड कमी, बी-१२ कमी, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेलं रक्त, नैराश्य, सोडियम उतरणं, हे शोधलं तर सापडतं आणि सुधारतं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी मधुमेह्याचं बी-१२ तपासलंच पाहिजे. नैराश्याचं ॲमिट्रिप्टिलिन, कंपवाताचं ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटदुखीचं डायसायक्लोमिन, ही औषधं मेंदूतलं नेमकं तेच रसायन दाबतात जे डोनेपेझिल ही डिमेन्शियाची गोळी वाढवायला बघते. एकाच पिशवीत दोन्ही निघतात तेव्हा पैसे दोन्हींचे जातात आणि गुण कशाचाच येत नाही. पेशंटला घरातली औषधांची सगळी पिशवी घेऊन यायला सांगणं ही तपासणीतली पहिली पायरी असावी. डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी १० करतात. त्याआधी नाडी मोजावी, ती मंद असेल तर ईसीजी काढावा. मळमळ, जुलाब, वजन उतरणं यावर लक्ष ठेवावं. या गोळीने आजार बरा होत नाही, काही जणांत काही काळ थोडा सावरतो. घरच्यांना हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं तर शेत गहाण टाकून शहराच्या वाऱ्या करणं थांबेल.

मे महिन्याबद्दल वेगळं सांगावं लागेल. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा डिमेन्शियाच्या माणसाला तहान लागल्याचं कळत नाही, कळलं तर सांगता येत नाही, सांगितलं तर पाच मिनिटांत विसरतो. त्यात बीपीची लघवीची गोळी चालू असते. दोन दिवसांत माणूस बरळायला लागतो, झोपून राहतो, आणि घरचे म्हणतात आजार वाढला. आजार असा दोन दिवसांत वाढत नाही. झपाट्याने बिघडलं की आधी पाणी, मीठ, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, नवी गोळी हेच शोधायचं. ‘पाणी हवं का?’ असं विचारलं की उत्तर ‘नको’ येतं. विचारू नये, हातात पेला द्यावा, आपणही सोबत एक घोट घ्यावा. जागेपणी दर तासाला १०० ते १५० मिलिलिटर, दिवसाकाठी दीड लिटरच्या आसपास. ताक, वरणाचं पाणी, पन्हं, सगळं धरून. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवावा.

खाण्याचंही तसंच. दादर ज्वारीची कोरडी भाकरी चावून गिळायला जमत नसेल तर दुधात किंवा वरणात कुस्करून द्यावी. ताटात पाच वाट्या मांडल्या तर माणूस गोंधळतो, एका वेळी एकच वाटी ठेवावी. ताठ बसवून भरवावं आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये. शेवटच्या टप्प्यात गिळणं मंदावलं की नाकातून नळी घालण्याची घाई होते. नळीने आयुष्य वाढतं किंवा श्वासनलिकेत अन्न जाणं थांबतं, असा पुरावा नाही. उलट नळी ओढू नये म्हणून पुन्हा हात बांधले जातात. हळूहळू, हाताने, जेवढं जाईल तेवढं भरवणं हाच त्या टप्प्यावरचा योग्य उपचार आहे.

हॉस्पिटलच्या बाहेर एका गोष्टीवर बोलायचं कोणी धाडस करत नाही. आपल्याकडे आई-बापांच्या पाळ्या लागतात. चार महिने थोरल्याकडे गावी, चार महिने मधल्याकडे सुरतला, चार धाकल्याकडे पुण्यात. कुठे आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे. मुलं हे जबाबदारी वाटून घेण्यासाठी करतात आणि त्यांच्या परीने ते न्यायाचंही असतं. पण या आजारात माणसाला आधार असतो तो ओळखीच्या भिंतींचा, संडासाच्या दिशेचा, ओट्याचा, रोज त्याच वेळी येणाऱ्या चहाचा. दर चार महिन्यांनी तो आधार काढून घेतला की संडास सापडत नाही, कपडे खराब होतात, माणूस रात्री ‘घरी जायचं’ म्हणून दार ठोकतो. मग त्याच्यावर अस्वस्थपणाची गोळी लागते. डॉक्टरांनी आणि सीएचओंनी, म्हणजे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी, घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं, की पाळी मुलांनी घ्यावी, आई-बापांनी नाही. म्हातारं माणूस एका घरात राहील. बाकीचे पैसे पाठवतील, सुट्टी काढून पंधरा-पंधरा दिवस येऊन राहतील, करणाऱ्या सुनेला माहेरी जाऊ देतील. नंदुरबारच्या डोंगरी तालुक्यांतून दिवाळीनंतर अख्खं कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला जातं आणि म्हातारी माणसं मागे राहतात. तिथे हा सल्ला निरुपयोगी आहे. तिथे अंगणवाडी, आशाताई आणि शेजार यांच्यात रोज कोण डोकावणार, हे निघण्याआधी ठरवून ठेवणं एवढंच हातात असतं, आणि तेही केलं जात नाही.

यावर आक्षेप येतो की ओपीडीत दीडशे पेशंट असताना माणूस ओळखायला वेळ कुठून आणायचा. आक्षेप खरा आहे. पण रात्रीच्या गोंधळाला, पडून मोडलेल्या खुब्याला, इंजेक्शननंतरच्या न्यूमोनियाला जो वेळ जातो तोही याच माणसांचा असतो. दुसरा आक्षेप असा, की हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडे कुटुंबच सगळं करतं. कुटुंब करतं, हे सोळा आणे खरं. पण जेवू-खाऊ घालणारं घर माणसाला विचारतंच असं नाही. आजाराचं निदान मुलाला बाजूला घेऊन सांगितलं जातं, ज्याचा आजार त्याला नाही. जमीन कोणाच्या नावे करायची, कुठे राहायचं, हे त्याचं मन शाबूत असताना, सुरुवातीच्या टप्प्यातच, त्याच्याकडून जाणून घ्यायला हवं. नंतर विचारून उपयोग नसतो.

माणसाची ही ओळख नोंदवायला केसपेपरला जोडायचं पान एकच असावं, ए-फोर, एका बाजूचं. घरी काय हाक मारतात. कोणती बोली बोलतात. आयुष्यभर काम काय केलं आणि दिवस कसा जायचा. उठायची, झोपायची, शौचाची वेळ. चष्मा, कवळी, कोणत्या कानाने ऐकू येतं. काय खातात, चहा कसा लागतो. आंघोळ कोणाच्या हातची चालते, लुगडं अंगावर ठेवून पायांकडून पाणी घेतलं तर चालतं का. दुखलं की काय करतात. कशाने बिथरतात, कशाने शांत होतात. भरती होताना नर्सने नातेवाइकासोबत बसून ते भरावं, पंधरा मिनिटं लागतात. खासगी गोष्टी फाइलीत राहाव्यात, हाकेचं नाव आणि बोली खाटेच्या डोक्याशी लावावी. सुट्टी देताना त्याची एक प्रत आशाताईकडे जावी. सीएचओंनी दोन आठवड्यांत घरी जाऊन गोळ्या तपासाव्यात, वजन करावं, आणि करणाऱ्या बाईला ती स्वतः रात्री किती तास झोपते ते विचारावं. ती चार तासांच्या खाली आली असेल तर दुसऱ्या पेशंटची सुरुवात त्या घरात झालेली असते. घरच्यांना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे दोन नंबर त्याच पानाच्या तळाशी छापून द्यावेत.

हे शिकवायची सुरुवात कोणापासून करायची, याबद्दल मी आग्रही आहे. प्रशिक्षणाला नेहमी वैद्यकीय अधिकारी बोलावले जातात. डिमेन्शियाच्या माणसाच्या अंगाला दिवसभरात जे हात लागतात ते आयाबाईंचे, वॉर्डबॉयचे आणि रात्रपाळीच्या सिस्टरचे. पहिली तुकडी त्यांची असावी, वर्ग वॉर्डातच घ्यावा, बोलीत घ्यावा, आणि त्या दिवसाची हजेरी ड्यूटी म्हणून धरावी.